चोक्टॉंची जमीन, कोळसा, लाकूड आणि पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅलस-फ्रिस्को भागातली आपली बरीच मंडळी सुट्टीला रेड नदी ओलांडून आग्नेय ओक्लाहोमात जातात. कुणी ड्युरंटला, कुणी ब्रोकन बोच्या पाइनच्या जंगलात. तिथे गाड्यांवर चोक्टॉ नेशनच्या नंबरप्लेट दिसतात, दवाखान्याच्या पाटीवर तेच नाव दिसतं, आणि परत आल्यावर मला मेसेज येतात: ही जमीन नक्की कोणाची? त्यांनी ती विकली होती ना? त्याच त्या प्रश्नांना एकेकट्याला उत्तरं देत बसण्यापेक्षा सगळी एकत्र लिहून काढली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे विषय एकमेकांत गुंतले आहेत तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. चोक्टॉ म्हणजे कोण? त्यांचा मूळ मुलूख कुठला?

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एक राष्ट्र. मूळ मुलूख म्हणजे आजच्या मिसिसिपी राज्याचा मोठा भाग आणि अलाबामाची पश्चिम कड. मका, घेवडा, भोपळा पिकवणारा हा शेतकरी समाज. मिसिसिपीत नानिह वाया नावाचं मातीचं एक जुनं टेकाड आहे, त्याला ते आई म्हणतात. आज अमेरिकन सरकारची मान्यता असलेले त्यांचे तीन गट आहेत: ओक्लाहोमातलं चोक्टॉ नेशन (दोन लाखांहून जास्त सदस्य), मिसिसिपीतला गट आणि लुइझियानातला छोटा जेना गट. लोकांचे प्रश्न बहुतेक ओक्लाहोमाबद्दल असतात, पण सुरुवात मिसिसिपीपासूनच करावी लागते.

2. "चोक्टॉंनी आपली जमीन अमेरिकेला विकली" हे वाक्य बरोबर आहे का?

कागदोपत्री बरोबर आहे. पण विक्री म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मालक येतो, दोन-चार गिऱ्हाइकं येतात, भावाची घासाघीस येते, आणि सौदा पटला नाही तर उठून जायची मोकळीक येते. चोक्टॉंकडे यातली फक्त मालकी होती. 1790 च्या कायद्याने आदिवासी राष्ट्रांची जमीन केंद्र सरकारच्या तहाशिवाय कुणालाही विकत घ्यायला मनाई केली. 1823 मध्ये जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व पक्कं केलं: मूळ रहिवाशांना वहिवाटीचा हक्क आहे, पण जमीन घेणार एकटं सरकार. म्हणजे गिऱ्हाईक एकच. फौज त्याचीच, कायदा त्याचाच, आणि कागदही त्याच्याच भाषेत.

तरीही मी "विक्री" हा शब्द टाकून देत नाही. पुढच्या शंभर वर्षांत चोक्टॉंनी न्यायालयात याच शब्दावर बोट ठेवलं. विक्री झाली म्हणता, तर पैसे कुठे आहेत? (प्रश्न 7 पाहा.)

3. कर्जापोटी जमीन गेली, असं वाचलं. खरं आहे?

खरं आहे, आणि हे ओघाने झालेलं नाही. 1803 मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी एका गव्हर्नरला लिहिलेल्या पत्रात सरळ म्हटलं आहे की व्यापारी ठाण्यांवर मूळ रहिवाशांची उधारी वाढू द्यावी. ती डोईजड झाली की ते जमीन सोडून कर्ज फेडायला तयार होतात. सावकारी कशी चालते हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

त्याचा नमुना म्हणजे 1805 चा माउंट डेक्स्टरचा तह. सुमारे 41 लाख एकर जमीन, किंमत 50,500 डॉलर, म्हणजे एकरी जेमतेम सव्वा सेंट. त्यातले 48,000 डॉलर हरणाच्या कातड्यांच्या व्यापारातली उधारी फेडायला थेट व्यापाऱ्यांकडे जायचे होते. उरलेले 2,500 दुभाषा जॉन पिचलिन याला. टोळीला वार्षिक तनखा तेवढा मिळाला.

4. पण मिसिसिपीच्या बदल्यात त्यांना ओक्लाहोमा मिळालंच ना?

1820 च्या डोक्स स्टँडच्या तहात अशी अदलाबदल झाली. सरकारकडून अँड्र्यू जॅक्सन होते आणि चोक्टॉंकडून त्यांचे प्रमुख पुशमताहा. मिसिसिपीतली सुमारे 50 लाख एकर जमीन द्यायची आणि पश्चिमेला त्याहून कितीतरी मोठा प्रदेश घ्यायचा. पुशमताहांनी तो पश्चिमेचा मुलूख शिकारीच्या निमित्ताने पायाखाली घातलेला होता, आणि त्यातली बरीच जमीन कुचकामी आहे हे त्यांनी जॅक्सनना तोंडावर सांगितलं.

आणखी एक अडचण होती. बदल्यात दिलेल्या जमिनीच्या पूर्व भागात, आजच्या अर्कान्सासमध्ये, गोरे वसाहतवाले आधीच राहत होते. त्यांना उठवायच्या ऐवजी सरकारने चोक्टॉंनाच तो तुकडा परत मागितला. त्या वाटाघाटींसाठी पुशमताहा वॉशिंग्टनला गेले आणि 1824 च्या डिसेंबरात तिथेच वारले. तह 1825 च्या जानेवारीत झाला.

5. 1830 च्या तहात नेमकं काय झालं?

त्या वर्षाच्या जानेवारीत मिसिसिपी राज्याने चोक्टॉंवर आपले कायदे लागू केले आणि त्यांचं स्वतःचं सरकार बेकायदा ठरवलं. मे महिन्यात स्थलांतराचा केंद्रीय कायदा झाला. सप्टेंबरात डान्सिंग रॅबिट क्रीकच्या काठी हजारो चोक्टॉ जमले. मिशनऱ्यांना तिथे यायला बंदी होती. बहुतेकांनी नकार दिला, आणि विषय संपला असं समजून पुष्कळ जण घरी निघून गेले. मागे राहिलेल्यांकडून 27 सप्टेंबरला सह्या घेतल्या गेल्या. सुमारे 1 कोटी 10 लाख एकर जमीन गेली. 1831 ते 1833 या तीन हंगामांत हजारो माणसं पश्चिमेला हलवली गेली; थंडीने, उपासमारीने, पटकीने वाटेत फार लोक मेले.

या तहातली दोन वाक्यं लक्षात ठेवा. पश्चिमेची जमीन चोक्टॉंना आणि त्यांच्या वंशजांना पूर्ण मालकीने, ते राष्ट्र म्हणून अस्तित्वात आहेत आणि तिथे राहतात तोवर. आणि त्या जमिनीचा कुठलाही भाग कधीही कुठल्या राज्यात सामील केला जाणार नाही. ओक्लाहोमा राज्य झालं तेव्हा दुसरं वचन मोडलं, पण तो कागद पुढे कामाला आला (प्रश्न 14).

6. मग मिसिसिपीत आजही चोक्टॉ कसे आहेत?

त्याच तहाच्या 14व्या कलमामुळे, किंवा खरं तर ते कलम पायदळी तुडवलं जाऊनही. ज्याला राहायचं असेल त्याने सहा महिन्यांत सरकारी एजंटकडे नाव नोंदवायचं. कुटुंबप्रमुखाला 640 एकर, सोबत राहणाऱ्या दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलामागे त्याच्या निम्मे, लहान मुलामागे पाव. एजंट होता विल्यम वॉर्ड. नंतरच्या चौकशांत लोकांनी साक्ष दिली की लिहिता न येणाऱ्यांनी आपल्या कुटुंबाचा हिशेब काड्यांच्या जुड्या बांधून आणला होता. मोठ्या माणसाची एक काडी, मुलांच्या वयाप्रमाणे लहान-मोठ्या काड्या. वॉर्डने त्या जुड्या फेकून दिल्या. हजारो लोक राहू इच्छित होते. नोंद झाली 69 कुटुंबांची.

बाकीचे आपल्याच गावात भूमिहीन झाले आणि पुढच्या पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात वाट्याने राबल्या. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासात त्या काड्यांइतकं मन पिळवटणारं दुसरं काही नाही. 1918 नंतर केंद्र सरकारने त्यांच्यासाठी थोडी थोडी जमीन विकत घ्यायला सुरुवात केली आणि 1945 मध्ये मिसिसिपीतल्या गटाला मान्यता मिळाली.

7. 1830 मध्ये घेतलेली जमीन सरकारने पुढे विकली. ते पैसे चोक्टॉंना मिळाले का?

हाच तो प्रसिद्ध "निव्वळ उत्पन्नाचा दावा". पीटर पिचलिन (प्रश्न 3 मधल्या जॉनचा मुलगा) यांनी अख्खं आयुष्य यात घातलं. 1855 च्या तहाने हा प्रश्न सिनेटपुढे ठेवला. सिनेटने 1859 मध्ये ठरवलं की जमीन विकून आलेल्या पैशातून खर्च वजा जाता उरेल ते चोक्टॉंचं. रक्कम निघाली सुमारे 29 लाख 81 हजार डॉलर. थोडे पैसे मिळाले, मग यादवी युद्ध सुरू झालं आणि सगळं अडकलं. पिचलिन 1881 मध्ये वॉशिंग्टनमध्येच वारले. सर्वोच्च न्यायालयाने दावा मान्य केला 1886 मध्ये. म्हणजे 1830 च्या तहानंतर 56 वर्षांनी, आणि त्यातला मोठा वाटा वकील-दलालांच्या फीमध्ये गेला.

8. "भाडेपट्ट्याचा जिल्हा" ही काय भानगड आहे?

आजच्या ओक्लाहोमाचा नैर्ऋत्य भाग, 98 ते 100 पश्चिम रेखांशांमधला. 1855 मध्ये चोक्टॉ आणि चिकासॉंनी (मूळ रहिवाशांचं दुसरं राष्ट्र) तो इतर टोळ्यांना वसवण्यासाठी सरकारला पट्ट्याने दिला. यादवी युद्धात दोन्ही राष्ट्रं दक्षिणेच्या बाजूला होती, आणि 1866 च्या तहात तो भाग 3 लाख डॉलरवर कायमचा गेला. आपण तो फक्त इतर टोळ्यांसाठी विश्वासाने दिला होता, गोऱ्यांना वाटण्यासाठी नव्हे, असं म्हणत चोक्टॉ न्यायालयात गेले. 1900 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले.

9. ओक्लाहोमातली जमीन सगळ्यांची सामाईक होती. तिची खातेफोड कशी झाली?

सामाईक होती म्हणजे ज्याला जेवढी कसता येईल तेवढी त्याने कसायची. घर, कुंपण, पीक त्याचं, पण जमीन राष्ट्राची. 1893 मध्ये वाटणी ठरवायला सरकारचा डॉज आयोग आला, 1897 मध्ये अटोकाचा करार झाला, 1898 च्या कर्टिस कायद्याने तो लादला गेला आणि 1902 च्या पुरवणी कराराने तपशील ठरले. प्रत्येक सदस्याला सरासरी प्रतीच्या 320 एकरांच्या किमतीइतकी जमीन. मोजणी किमतीवर होती, त्यामुळे डोंगराळ खडकाळ भागात एकर जास्त, नदीकाठी कमी.

एका सदस्याच्या नावाने दोन कागद निघत. एक घरधारणेचा, 160 एकरांचा, मालक जिवंत असेतो पण फार तर 21 वर्षं न विकता येणारा. दुसरा उरलेल्या जमिनीचा, जी एक, तीन आणि पाच वर्षांच्या टप्प्यांनी विकायला मोकळी होणार होती. दोन्ही कागदांवर सह्या दोन: चोक्टॉंच्या मुख्य प्रमुखाची आणि चिकासॉंच्या गव्हर्नरची, कारण जमीन दोन्ही राष्ट्रांची एकत्र होती. स्वतःच्या राष्ट्राची जमीन तुकड्या-तुकड्यांनी मोडीत काढणाऱ्या हजारो कागदांवर त्या माणसांना सही करावी लागली. वाटणीत न आलेली जमीन पुढे लिलावात निघाली. कोळशाची जमीन आणि पाइनचं जंगल मात्र वेगळं ठेवलं गेलं (प्रश्न 10 आणि 11).

10. कोळसा कोणाचा होता?

राष्ट्राचा. पण चोक्टॉ कायद्यानुसार ज्या नागरिकाला खनिज सापडेल त्याला त्या जागेभोवती एका मैलाच्या परिघात ते काढायचा हक्क मिळे. जेम्स मॅकअलेस्टर या गोऱ्या व्यापाऱ्याने चिकासॉ स्त्रीशी लग्न करून नागरिकत्व मिळवलं आणि रेल्वे 1872 मध्ये येताच कोळशावर हक्क सांगितला. रॉयल्टी व्यक्तीची की राष्ट्राची, यावरून प्रमुख कोलमन कोल यांचं त्याच्याशी इतकं बिनसलं की कोल यांनी त्याला आणि त्याच्या भागीदारांना मृत्युदंड फर्मावला. ते पळून सुटले. शेवटी रॉयल्टी निम्मी-निम्मी झाली. आज त्या गावाचं नाव मॅकअलेस्टर आहे आणि तो माणूस पुढे ओक्लाहोमाचा उपराज्यपाल झाला.

खाणीत उतरणारे मात्र बहुतांशी बाहेरून आलेले होते, त्यात इटालियन पुष्कळ. क्रेब्सच्या खाणीत जानेवारी 1892 मध्ये स्फोट होऊन सुमारे 100 कामगार गेले.

वाटपाच्या वेळी सुमारे 4 लाख 45 हजार एकर कोळसा आणि डांबराची जमीन बाजूला काढली. रॉयल्टी टनामागे 8 सेंटपर्यंत खाली आली, आणि ती मुलांच्या शिक्षणासाठी होती. 1902 च्या करारात ठरलं होतं की ही जमीन तीन वर्षांत विकून पैसे सदस्यांना वाटायचे. 1906 च्या कायद्याने ती विक्री थांबवली. मग आधी जमिनीचा पृष्ठभाग विकला, कोळसा खाली तसाच. अखेर 1948 मध्ये काँग्रेसने मंजुरी दिली आणि सरकारने स्वतः तो 85 लाख डॉलरना घेतला. तीन हिस्से चोक्टॉंचे, एक चिकासॉंचा. तीन वर्षांचा वायदा 46 वर्षांनी पुरा झाला. ज्यांच्या नावे तो वायदा होता त्यांतले किती तरी जण तोवर वारले होते.

11. आणि जंगल?

आग्नेय कोपऱ्यातलं सुमारे 13 लाख एकर पाइनचं रान सरकारने राखीव जंगल करायचं म्हणून वाटपातून वगळलं. राखीव जंगल झालंच नाही. 1908 ते 1940 या काळात ती जमीन तुकड्यांनी विकली गेली आणि लाकूड कंपन्यांनी मोठमोठे पट्टे उचलले. विश्वस्त होतं सरकार. मालकाच्या वतीने विकताना भाव काय घेतला, पैसा कुठल्या खात्यात गेला, याचा नीट हिशेब कधी दिला नाही. चोक्टॉ आणि चिकासॉंनी 2005 मध्ये दावा लावला. 2015 मध्ये 18 कोटी 60 लाख डॉलरवर तडजोड झाली. चोक्टॉंना 13 कोटी 95 लाख, चिकासॉंना 4 कोटी 65 लाख. (तोच तीनास एकचा जुना वाटा.) जमीन परत मिळाली नाही.

12. वाटपात मिळालेली जमीन लोकांनी इतक्या पटकन का विकली?

"पैशाच्या मोहाने" असं कुणी लिहिलं की मला राग येतो. 1908 च्या कायद्याने रक्ताच्या प्रमाणावर निर्बंध उठवले: निम्म्यापेक्षा कमी चोक्टॉ रक्त असलेल्यांची सगळी जमीन एका दिवसात विकायला मोकळी झाली, त्यात लहान मुलांचीही. अल्पवयीनांची मालमत्ता राज्याच्या काउंटी न्यायालयांच्या ताब्यात गेली. त्यांनी नेमलेले पालक स्थानिक वकील, सावकार, दुकानदार. काहींकडे डझनावारी मुलं सोपवलेली असत. पालक मुलाची जमीन ओळखीच्या माणसाला पडेल भावात विकायचा आणि वर फी घ्यायचा. केट बर्नार्ड या राज्याच्या अधिकारी बाईंनी अनाथ मुलांच्या बाजूने हे उघड केलं, तेव्हा विधिमंडळाने त्यांच्या खात्याचा निधीच काढून घेतला.

वर करही लागणार होता. करार म्हणत होता की मूळ धारकाकडे असेतो जमीन करमुक्त. राज्याने तरी कर बसवला. सुमारे 8,000 चोक्टॉ-चिकासॉ धारक न्यायालयात गेले आणि 1912 मध्ये चोट विरुद्ध ट्रॅप खटल्यात जिंकले. करमाफी ही मेहेरबानी नाही, मालमत्तेचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

13. निर्बंध असलेली जमीन आजही आहे का? वारसांना ती विकता येते?

आहे, थोडी. महाराष्ट्रात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायला जमीन महसूल कायद्याच्या कलम 36 आणि 36अ खाली परवानगी लागते, साधारण त्या जातीची ही व्यवस्था समजा. फरक असा की इथे वारसाला विक्री किंवा तेल-वायूचा पट्टा राज्याच्या जिल्हा न्यायालयात उघड सुनावणीत मंजूर करून घ्यावा लागतो.

1947 च्या स्टिग्लर कायद्याने अट घातली की वारसात निम्मं किंवा जास्त रक्त असेल तरच निर्बंध टिकेल. पिढी बदलली की प्रमाण घटायचं आणि संरक्षण आपोआप गळून पडायचं. आई गेली, मुलाचं प्रमाण कमी, की दुसऱ्या दिवसापासून जमिनीला कर लागू. 31 डिसेंबर 2018 रोजी सही झालेल्या दुरुस्तीने ही अट काढली. पण दुरुस्ती मागे जात नाही; आधी गळालेलं संरक्षण परत येत नाही.

14. नदीचं पात्रही चोक्टॉंचं आहे, हे खरं का?

खरं होतं. ओक्लाहोमा राज्य समजत होतं की राज्य झाल्याबरोबर अर्कान्सास नदीचं पात्र आपलं झालं, आणि त्यातली वाळू, तेल, वायू पट्ट्याने देत होतं. 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चोक्टॉ नेशन विरुद्ध ओक्लाहोमा खटल्यात प्रश्न 5 मधलं वचन वाचलं आणि म्हटलं की जी जमीन कुठल्याच राज्यात जाणार नव्हती, तिच्यातलं पात्र भावी राज्यासाठी राखून ठेवलं होतं असं मानता येत नाही. पात्र चेरोकी, चोक्टॉ आणि चिकासॉंचं ठरलं. तोवर धरणं आणि जलमार्ग होऊन गेले होते. 2002 च्या कायद्याने 4 कोटी डॉलरवर दावे मिटले. चोक्टॉंचा वाटा 1 कोटी 50 लाख.

15. सार्डिस तलावाच्या पाण्याचं भांडण काय होतं? डॅलसशी त्याचा संबंध आहे का?

थोडा आहे. हा तलाव आग्नेय ओक्लाहोमातल्या किआमिची नदीच्या खोऱ्यात आहे. त्या खोऱ्याच्या पाण्यावर फोर्ट वर्थच्या जलमंडळाचाही डोळा होता. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नकार दिला. त्याआधीच, 2010 मध्ये, राज्याने सार्डिस तलावातल्या साठ्याचे हक्क ओक्लाहोमा सिटीला द्यायचा करार केला, टोळ्यांना न विचारता. 2011 मध्ये चोक्टॉ आणि चिकासॉ न्यायालयात गेले. ऑगस्ट 2016 मध्ये समझोता झाला आणि डिसेंबरात काँग्रेसने त्याला कायद्याचं रूप दिलं: शहराला पाणी मिळेल, पण तलावाची पातळी ठरावीक रेषेखाली नेता येणार नाही, आणि खोऱ्याबाहेर पाणी न्यायच्या निर्णयांत टोळ्यांना जागा असेल. जमीन गेली, कोळसा गेला, त्यानंतर पाण्याच्या टेबलावर ते बरोबरीने बसले, हे मला फार मोलाचं वाटतं.

16. चोक्टॉंनी गुलाम ठेवले होते ना? त्या लोकांना जमीन मिळाली का?

हो, ठेवले होते, आणि ते झाकून ठेवता कामा नये. 1866 च्या तहाने गुलामगिरी संपली. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना चोक्टॉंनी 1883 मध्ये नागरिक म्हणून स्वीकारलं. वाटपात त्यांना मिळाले 40 एकर, जिथे इतरांना 320. त्यांच्या जमिनीवरचे निर्बंधही सगळ्यांत आधी उठले, त्यामुळे ती लवकर गेली. 1983 च्या घटनेत सदस्यत्व रक्ताच्या वारशावर ठरलं आणि त्यांचे वंशज बाहेर राहिले. तो वाद मिटलेला नाही.

17. मॅकगर्ट निकालानंतर जमीन चोक्टॉंना परत जाणार का? आम्ही ब्रोकन बोला केबिन घ्यायच्या विचारात आहोत.

नाही, खासगी मालकी बदललेली नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा मॅकगर्ट निकाल क्रीक या दुसऱ्या मूळ रहिवासी राष्ट्राबद्दल होता. एप्रिल 2021 मध्ये सायझमोर खटल्यात राज्याच्या फौजदारी अपील न्यायालयाने तोच नियम चोक्टॉंना लावला. काँग्रेसने आरक्षित क्षेत्र कधीच रद्द केलं नव्हतं, एवढंच त्याचं म्हणणं. परिणाम मुख्यतः गुन्हा कोणी चालवायचा यावर. तुमचं खरेदीखत तुमचंच राहतं.

काळजी घ्यायची ती वेगळ्या दोन ठिकाणी. एक, जमिनीच्या साखळीत एखाद्या निर्बंधित वारसाची विक्री न्यायालयाच्या मंजुरीशिवाय झाली असेल तर मालकीत खोट राहते (प्रश्न 13). दोन, ओक्लाहोमात खनिज हक्क जमिनीपासून वेगळे विकले जातात; तुम्ही घेताय ते बहुतेकदा फक्त पृष्ठभाग. म्हणून स्थानिक वकिलाकडून जमिनीचा पूर्ण गोषवारा (आजवरच्या मालकीच्या कागदांची साखळी) तपासून घ्या. ब्रोकन बोच्या भागात तो गोषवारा बहुधा 1900 नंतरच्या एखाद्या कागदाने सुरू होतो, आणि त्या पहिल्या कागदाच्या तळाशी दोन सह्या असतात: एक चोक्टॉंच्या प्रमुखाची, एक चिकासॉंच्या गव्हर्नरची.